जिनिंगचा काटा, कॅमेरे आणि कंपनीतून आलेला पासवर्ड

आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव आणि कळंबच्या मधात, मेन रोडपासून जरा आत. मी इथं काट्यावर बसते. भरलेली गाडी चढली की वजन घ्यायचं, खाली झाली की परत घ्यायचं, काटापट्टी काढायची, आणि त्यासोबत नेट, प्रिंटर, कॅमेरे, जे जे वायरीचं असन ते सगळं माझ्याकडेच येते, कारण कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली इथं मी एकटीच. मागच्या सीझनले जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण असाच सेटअप आमच्या भागात कितीतरी जिनिंगमध्ये, पतसंस्थेत, कृषी केंद्रात बसवलेला आहे आणि बसवणारे लोकंही बहुतेक तेच तेच.

सुरुवात नेटवाल्याच्या फोनने झाली. तालुक्याहून फायबर आणलेलं आहे आम्ही, स्टॅटिक आयपीवालं, म्हणजे नेटवरचा पत्ता कायम एकच, कारण शेठजी नागपूरले राहतात आणि त्यांना तिथून कॅमेरे आणि काट्याचा रिपोर्ट दोन्ही पाहायचं असते. नेटवाला म्हणे, "ताई, तुमच्या लाइनवरून रातभर अपलोड चालू राह्यते, वरून आम्हाले मेल आला, असंच राह्यलं तर लाइन बंद करा लागन." रात्री जिनिंगमध्ये चौकीदार सोडून कोणी नसते, मग अपलोड कोण करून राहिलं? त्या दिवशी शेवटची ट्रॉली खाली झाल्यावर मी स्विचसमोर, म्हणजे नेटच्या सगळ्या वायरी जिथं येतात त्या डब्यासमोर, स्टूल घेऊन बसली. सगळे कॉम्प्युटर बंद, तरी एका पोर्टचा हिरवा लाइट थरथर चालूच. एकेक वायर काढत गेली, डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याची, काढली आणि लाइट एकदम शांत. शेठजींना फोन करून विचारलं, तुम्ही कॅमेरे पाहून राहिले का, तर ते म्हणे मी तर जेवतो आहे.

डीव्हीआर बंद करून चालू केला तर थोडा वेळ सगळं ठीक, आणि मग पुन्हा तेच. मेनूत जाऊन पाहिलं तर युजर अॅडमिन आणि पासवर्ड कोरा, म्हणजे डब्यातून निघाला तसाच लावलेला. राउटर उघडलं तर त्याचाही पासवर्ड खाली स्टिकरवर छापलेलाच, आणि आत डीएमझेड नावाच्या खान्यात डीव्हीआरचा आयपी टाकलेला. डीएमझेड म्हणजे बाहेरून जे काही येईन आणि ज्याले दुसरा ठरलेला रस्ता नसन ते सगळं या एका मशीनवर सोडून दे. कॅमेरेवाल्यांना हे सोपं पडते, कोणता पोर्ट, म्हणजे मशीनचं कोणत्या नंबरचं दार, लागते ते पाहायची गरज नाही, मोबाईलवर चित्र दिसलं की बिल घेऊन मोकळे. पण त्यात डीव्हीआरचा टेलनेटचा, म्हणजे दुरून मशीनले हुकूम द्यायचा, २३ नंबर पोर्टही जगाले उघडा झाला, ज्याच्याबद्दल डीव्हीआरच्या मेनूत एक अक्षर नव्हतं, आणि अशा स्वस्त डीव्हीआरमध्ये टेलनेटचा रूट, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य युजरचा, पासवर्ड कारखान्यातच आत कोरलेला असते, मेनूतून अॅडमिनचा पासवर्ड कितीही बदलला तरी तो बदलत नाही.

२०१६ मध्ये मिराय नावाचा जो प्रकार झाला तो अगदी असाच होता. त्या प्रोग्रामकडे कंपनीतून येणाऱ्या साधारण साठेक युजर-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, बस. तो नेटवर फिरून कॅमेरे, डीव्हीआर, राउटर शोधायचा, टेलनेटवर एकेक जोडी लावून पाहायचा, आणि आत गेला की त्या मशीनले दुसऱ्यांवर हल्ला करायले जुंपायचा. २१ ऑक्टोबर २०१६ ले अशा मशीनींनी साइटचे पत्ते सांगायचं काम करणाऱ्या डिन नावाच्या कंपनीवर एवढा ट्रॅफिक ओतला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास धड उघडत नव्हत्या. ज्यांनी हा प्रोग्राम बनवला ती अमेरिकेतलीच तरुण पोरं निघाली, २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, पण त्यांनी प्रोग्रामचा कोड आधीच नेटवर टाकून दिला होता म्हणून त्याची पिल्लं आजही फिरून राहिली आहेत. हे नुसतं मेमरीत बसते, म्हणून मशीन बंद-चालू केली की जाते आणि दार उघडं असलं तर काही मिनिटात पुन्हा येते. आमच्या डीव्हीआरची लक्षणं हीच. आणि हे काही अमेरिकेपुरतं नाही, २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम अशाच एका मालवेअरने बंद पाडले, कारण त्यात कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच होता, मग कंपनीले लोकांना सांगावं लागलं की बाबांनो पासवर्ड बदला.

मी डीएमझेड काढलं, राउटरचा पासवर्ड बदलला, यूपीएनपी बंद केलं. हे यूपीएनपी कितीतरी राउटरमध्ये आधीपासून चालूच येते, आतल्या कोणत्याही मशीनने मागितलं की राउटर कोणाले न विचारता बाहेरचा पोर्ट उघडून देते. अपलोड थांबलं, नेटवाल्याचाही मेसेज आला की आता बरोबर आहे. इथंच थांबली असती तर खरं दुखणं आतच राहिलं असतं.

कारण राउटरच्या त्याच पानावर अजून एक ओळ होती. ८० नंबर पोर्ट, काट्याच्या कॉम्प्युटरवर. ती काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याने टाकलेली, शेठजींना नागपूरहून रिपोर्ट दिसावा म्हणून. म्हटलं पाहू तरी बाहेरून काय दिसते. काट्यासमोर उभी राहून मोबाईलचं वायफाय बंद केलं, स्वतःच्या सिमचं नेट चालू केलं आणि ब्राउझरमध्ये आमचा आयपी टाकला. रिपोर्टचं लॉगिन पान आलं, ठीक. मग आयपीच्या पुढं पीएचपीमायअॅडमिन, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस उघडायचं पान, लिहिलं. यूजर विचारला नाही, पासवर्ड विचारला नाही, सरळ डाव्या बाजूले डेटाबेसची यादी. शेतकरी नावाच्या टेबलवर बोट ठेवलं आणि माझ्या मोबाईलवर, जिनिंगच्या वायफायशी काही संबंध नसताना, नाव, गाव, मोबाईल नंबर, बँक खातं, आयएफएससी, किती क्विंटल, किती रुपये, सगळं आलं. खाली सरकवत गेली तर आमच्याच गावातले लोकं, माझा मोठा काका, माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचा नवरा. मागच्या दोन सीझनचंही सगळं त्यात. माझे हात थंड पडले होते, खरंच सांगते.

हे असं कसं झालं ते समजून घ्यायले मी ते सॉफ्टवेअर ज्यावर चालते ते एक्सॅम्प उघडून पाहिलं. एक्सॅम्प हे फुकट मिळणारं पॅकेज आहे, पानं दाखवणारं अपाची, डेटाबेस, पीएचपी ही प्रोग्रामची भाषा, सगळं एकत्र, शिकणाऱ्यांसाठी आणि प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठी फार सोयीचं, मीही डिप्लोमाले त्यावरच शिकली. त्यात डेटाबेसच्या रूट युजरले पासवर्डच नसते, आणि पीएचपीमायअॅडमिन त्याच रूटने आपोआप आत घेते. बनवणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही, त्यांच्या साइटवर साफ लिहिलेलं आहे की हे डेव्हलपमेंटसाठी मुद्दाम मोकळं ठेवलेलं आहे, खऱ्या कामाच्या ठिकाणी वापरू नका. वरून पीएचपीमायअॅडमिनवर त्यांनी 'रिक्वायर लोकल' लावून ठेवलेलं असते, म्हणजे त्याच मशीनवरून उघडेल, बाहेरून नाही. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने ते काढून 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' करून ठेवलं होतं, कारण त्याले त्याच्या ऑफिसातून बसून दुरुस्ती करायची असते. म्हणजे एक कोरा पासवर्ड आधीपासूनचा, एक कुलूप सोयीसाठी काढलेलं, आणि राउटरमध्ये एक भोक. तिन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणाने, आणि एकत्र आले की आख्ख्या पंचक्रोशीचा हिशोब उघड्यावर.

अपाचीचा लॉग, म्हणजे कोण कधी काय मागून गेलं त्याची नोंद, काढला. हजारो ओळी. कोणत्या कोणत्या देशाचे आयपी, आणि सगळे तेच तेच शोधत, पीएचपीमायअॅडमिन, पीएमए, मायएसक्यूएल, सेटअप. जुन्या ओळींपुढं ४०३ होता, म्हणजे नकार. एका तारखेनंतर २००, म्हणजे या बसा. ती तारीख सॉफ्टवेअरवाला येऊन गेला त्याच आठवड्याची होती. या रूटच्या हातात नुसता डेटा नसते, तो डेटाबेसमधून मशीनवर फाइलही लिहू शकते, आणि वेब फोल्डरमध्ये एक पीएचपी फाइल लिहिली की आख्खा कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. म्हणून मी ते फोल्डर तारखेनुसार लावून एकेक फाइल पाहिली. उपरी फाइल नव्हती. डेटा मात्र कोणीतरी पाहिला हे लॉगच सांगून राहिला होता.

सॉफ्टवेअरवाल्याले फोन केला. तो म्हणे, "ताई, ते डिफॉल्टलेच तसं येते, सगळ्यांकडं असंच चालून राह्यलं, कोणाले काही झालं नाही. आपल्या खेड्यातल्या काट्यात कोण येते पाह्यले?" शेठजीही पहिले हेच म्हणाले, आपल्या जिनिंगमध्ये चोराले काय भेटते, सरकी?

कोण येते याचं उत्तर मी शेठजींना असं दिलं. रानडुक्कर वावर कोणाचं आहे हे पाहून येत नाही, जिथं कुंपण तुटलेलं तिथून घुसते. नेटवर आयपीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी झेडमॅप नावाचं टूल दाखवलं, चांगली लाइन असली तर एकच मशीन एक पोर्ट धरून हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत ठोकून पाहते. त्यात नागपूर कोणतं आणि राळेगाव कोणतं असा भेदच नाही. शोदान नावाची साइट तर २००९ पासून हेच करून राहिली, कोणत्या आयपीवर काय उघडं आहे ते सरळ सर्च करून मिळते. मग मी त्यांना त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्याच सिमवरून, ते पान उघडायले लावलं. नागपूरले बसून त्यांनी स्वतःच्या साल्याचं खातं आणि त्याले दिलेली रक्कम पाहिली. त्यानंतर त्यांनी सरकीचं नाव काढलं नाही, म्हणे, "ताई, तुम्ही सांगान तसं करू."

आणि डिफॉल्टलेच तसं येते हे जे वाक्य आहे ना, याचा मला खरा राग आहे. डिफॉल्ट, म्हणजे बनवणाऱ्याने आधीच ठरवून दिलेली सेटिंग, काही पाऊसपाणी नाही, तो कोणीतरी बसून घेतलेला निर्णय असते, आणि तो बदलता येते हे मोठमोठ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी मार खाऊन दाखवून दिलं. मोंगोडीबी डेटाबेसचे जुने व्हर्जन टाकले की ते पासवर्डशिवाय आणि बाहेरच्यांसाठीही उघडे राहायचे. २०१७ च्या जानेवारीत हजारो डेटाबेस पुसून त्या जागी बिटकॉइन मागणारी चिठ्ठी ठेवली गेली, त्याच वर्षी ३.६ व्हर्जनपासून तो आपोआप फक्त स्वतःच्याच मशीनवर ऐकायले लागला. साइट जलद करणाऱ्या मेमकॅश्ड या सॉफ्टवेअरमध्ये यूडीपी, म्हणजे पाठवणारा कोण हे न तपासता उत्तर देणारा रस्ता, चालूच यायचं, २८ फेब्रुवारी २०१८ ले त्याचाच वापर करून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सेकंदाले १.३५ टेराबिटचा हल्ला झाला, त्याच सुमारास आलेल्या नव्या व्हर्जनमध्ये ते बंद करून टाकलं. इलॅस्टिकसर्च या डेटा शोधायच्या सॉफ्टवेअरने तर २०२२ च्या ८.० पासून सुरक्षा आधीच चालू द्यायले सुरुवात केली. म्हणजे ज्याले उघडायचं आहे त्याने मुद्दाम उघडावं, आणि उघडताना त्याले माहीत असावं की आपण काय उघडून राहिलो. उलटं ठेवलं की भोगणारा कोण, तर ट्रॉली घेऊन आलेला शेतकरी, ज्याने एक्सॅम्पचं नावही ऐकलेलं नाही.

आता दुरुस्ती. सीझनमध्ये काटा बंद ठेवता येत नाही, फाटकाबाहेर मेटॅडोर आणि ट्रॉल्यांची लाइन असते, लोकं रात्रीपासून मुक्कामी असतात. म्हणून जे काय करायचं ते रात्री. पहिले पूर्ण डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन ती काढून मुनीमजींच्या कपाटात. मग राउटरमधली ८० ची ओळ उडवली. मग नेटस्टॅट चालवून पाहिलं की हा कॉम्प्युटर कोणाकोणाचं ऐकतो. डेटाबेससमोर ०.०.०.० आणि त्याचा पोर्ट ३३०६, म्हणजे जिकडून येईन तिकडून ऐकतो. तो आतल्या नेटवर्कपुरता केला आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये ३३०६ फक्त ऑफिसच्या एका कॉम्प्युटरसाठी ठेवला, कारण मुनीमजींना तिथून पेमेंट काढा लागते. पीएचपीमायअॅडमिनवर 'रिक्वायर लोकल' परत, आणि आपोआप लॉगिन काढून पासवर्ड विचारणारं केलं.

रूटले पासवर्ड लावला आणि खरी पंचाईत तिथं झाली. सॉफ्टवेअरवाल्याने फोनवर एक फाइल सांगितली होती, त्यात नवीन युजर-पासवर्ड टाकला, लॉगिन झालं, वजनही आलं. सकाळी पहिली गाडी चढली, वजन आलं, आणि काटापट्टी कोरी निघाली. त्याने प्रिंटच्या फाइलमध्ये, रिपोर्टच्या फाइलमध्ये, अजून कुठं कुठं रूट आणि कोरा पासवर्ड हातानं लिहून ठेवलेला. बाहेर लोकं ओरडून राहिले, "काहून थांबलं वं बाई?" मी कार्बनचं पावतीबुक काढलं, इंडिकेटरवरचा आकडा पाहून हातानं पट्ट्या लिहिल्या, आणि मधात वेळ भेटला की एकेक फाइल शोधून दुरुस्त केली. पण रूटले पुन्हा कोरं केलं नाही. शेठजींनीही तसं म्हटलं नाही, याचं मला बरं वाटलं.

नवीन युजरले मी वाचणं, टाकणं, बदलणं एवढेच हक्क दिले. सॉफ्टवेअरवाला म्हणे पट्टी कॅन्सल करायले डिलीट लागते, तर डिलीट फक्त त्या एका टेबलवर दिलं. टेबल उडवायचा हक्क काट्याच्या प्रोग्रामले कशाले पायजे? तो म्हणे इतकं कोणी करत नाही. मी म्हटलं भाऊ, आमच्याकडं होईन.

शेठजींना नागपूरहून पाहायचं होतं ते तर राहिलंच. त्यासाठी एक छोटा वेगळा राउटर घेऊन त्यावर वायरगार्ड, म्हणजे बाहेरून आत यायचा चावीवाला खासगी रस्ता, बसवलं. हे मला फार आवडलं, कारण याची सवयच चांगली आहे, ज्याच्याकडं बरोबर चावी नाही त्याच्या पॅकेटले ते उत्तरच देत नाही, बाहेरून ठोकणाऱ्याले तिथं काही आहे हेही समजत नाही. शेठजींच्या मोबाईलवर आणि लॅपटॉपवर चावी टाकून दिली, बटण चालू केलं की ते जणू जिनिंगच्या आतच. पहिले ते कुरकुरले की एक बटण जास्त दाबा लागते, आता सवय झाली.

सांगायचं कोणाले, यावर मुनीमजींशी वाद झाला. ते म्हणे गावात बोभाटा नको. पण २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशात, असं काही लक्षात आल्यावर ६ तासांच्या आत कळवा, असं लिहिलेलं आहे, ते शेठजींना दाखवलं आणि लॉगसकट मेल केला. शेतकऱ्यांनाही सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. नुसत्या खाते नंबरवरून कोणी पैसे काढू शकत नाही हे खरं, पण ज्याच्याकडं नाव, मोबाईल, किती कापूस आणला आणि किती रुपये निघाले एवढं सगळं आहे तो फोन करून म्हणन, काकाजी तुमचं अमुक क्विंटलचं पेमेंट अडकलं, आलेला ओटीपी सांगा, आणि आकडा बरोबर निघाल्यावर माणूस विश्वास ठेवतेच. म्हणून काट्याच्या खिडकीवर मोठ्या अक्षरात बोर्ड लावला की जिनिंगमधून कोणी ओटीपी मागत नाही, असा फोन आला तर काही सांगू नका, पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना पट्टी हातात देताना तोंडानं सांगितलं. काही म्हाताऱ्यांना राग आला, आमचं खातं तुम्ही नेटवर काहून टाकलं म्हणे. त्यांचा राग बरोबर होता आणि मी तो ऐकून घेतला.

डीव्हीआरचं मात्र जमलं नाही. त्याच्या कंपनीची साइटच सापडत नव्हती, अपडेट कुठून आणायचा? नेटवरून कापून नुसता आतल्या आत ठेवला आणि सीझन झाल्यावर बदलला. बदलताना दुकानदाराले मी दोनच गोष्टी विचारल्या, पहिल्यांदा चालू करताना स्वतःचा पासवर्ड ठेवायले भाग पाडते का, आणि सरकारी तपासणी झालेली आहे का. नेटवर चालणारे कॅमेरे सुरक्षेची तपासणी करूनच विकावे असा नियम आपल्याकडं ९ एप्रिल २०२५ पासून आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या मशीनींना एकच सोपा पासवर्ड देऊन विकणंच बंद केलं, कॅलिफोर्नियात त्याच्याही आधी, २०२० पासून. दुकानदार पहिले वैतागला, स्वस्तातला माल पुढं करत राहिला, मग आतून दुसरा डबा काढला.

हाच काटा-सॉफ्टवेअरवाला आमच्या भागात अजून दोन जिनिंगले जातो. दोन्हीकडं मी फोन केले. एका ठिकाणी म्हणे सीझन झाल्यावर पाहू. दुसरीकडच्या मुनीमजींना मी म्हटलं, पाहू-बिहू काही नाही, आत्ता मोबाईलचं वायफाय बंद करा, सिमचं नेट लावा आणि मी सांगते ते ब्राउझरमध्ये टाका. थोडा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणे, "ताई, हे तं उघडलं. पासवर्ड नाही मांगितला. आता काय करू?" म्हटलं राउटरमध्ये ८० ची ओळ असन, ती पहिले उडवा, शेठजी ओरडले तरी चालन, आणि लॉगची फाइल कोणाले पुसू देऊ नका. बाकी फाइली दुरुस्त करायले उद्या काटा बंद झाल्यावर मी येते.